वाट बघायची, पण कुठवर?

घणसोलीच्या सिम्प्लेक्स वसाहतीतलं एक माथाडी कुटुंब. नात दहावीत आहे, पंधरा पूर्ण होऊन सहा-सात महिने झालेत आणि पाळी अजून सुरू झालेली नाही. यावरून घरात दोन पक्ष पडलेत. एका बाजूला आजी, माण तालुक्यातल्या दुष्काळी गावाची लेक. दुसऱ्या बाजूला आजीची नणंद, नर्स म्हणून निवृत्त झालेली आणि आता नेरूळला राहणारी. जवळजवळ पन्नास वर्षं त्या एकमेकींना 'वहिनी' आणि 'वन्सं' म्हणत आल्या आहेत, म्हणून इथेही तीच नावं ठेवतो. माणसं मी रचलेली आहेत. आजार, कायदे आणि गावं खरी आहेत.

वहिनी : वन्सं, तुम्ही शिकलेल्या, मी अंगठेबहाद्दर. पण एक सांगते, पोरीला आजारी ठरवू नका. मला सतराव्या वर्षी न्हाण आलं. पुढं तीन बाळंतपणं झाली, तिन्ही धडधाकट. काय बिघडलं?

वन्सं : बाहत्तरच्या दुष्काळात तुम्ही बारा वर्षांच्या होता, वहिनी. मिलो आणि सुकडी खाऊन वाढलेलं अंग ते. खडी फोडायला जायचात ना आईबरोबर? अंगावर चरबीच नसेल तर मेंदू पाळी सुरू करायचा हुकूमच देत नाही. तुमचा उशीर तुमच्या ताटातला होता. हिच्या ताटात काय कमी आहे?

वहिनी : हिच्या आईलाही सोळावं सरता सरताच आली. आमच्या घरात उशिराच येते.

वन्सं : हे मात्र कामाचं बोललात. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात. आईला कधी, मावशीला कधी, आत्याला कधी. बापाला मिसरूड उशिरा फुटली का, हेसुद्धा विचारतात, कारण उशीर बापाकडूनही येतो. घराण्यातच उशीर असेल तर कित्येकदा काही करावं लागत नाही. पण ते तपासून झाल्यावर म्हणायचं. आधीच नाही.

वहिनी : तपासायची एवढी घाई कसली? तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सोळाची होते. दर महिन्याला सासूबाई विचारायच्या. घरात नाही, विहिरीवर, चार बायकांत. तुम्ही तेव्हा नववीत. 'आमच्या पोरीला तेराव्यालाच आली' हेही ऐकवायच्या. वर्षभर मी रोज सकाळी उठून लुगडं बघायचे. त्या पोरीच्या मागं तसं कुणी लागलेलं मला चालणार नाही.

यावर वन्संकडे लगेच उत्तर नसतं. लग्नाचं वय तेव्हा कायद्यानेच मुलीसाठी पंधरा होतं. ते अठरा झालं १९७८ साली. पण कायदा काय म्हणतो याच्याशी गावाला देणंघेणं नव्हतं. लग्न झालेल्या पण न्हाण न आलेल्या मुलीकडे सगळं गाव डोळे लावून बसायचं. पहिली पाळी म्हणजे मखर, ओटी, गोडाचं जेवण. म्हणजेच पाळी न येणं हीसुद्धा जाहीर बातमी. वहिनींचा विरोध अडाणीपणातून येतो असं मानलं तर हा संवाद दोन मिनिटांत संपेल. त्यांचा विरोध आठवणीतून येतो. मोजलं जाणं म्हणजे काय, ते त्यांनी सोसलेलं आहे.

वन्सं : आईनं तुमच्याशी जे केलं ते वाईटच होतं. पण तिला काळजी तुमची नव्हती, नातवंडाची होती. डॉक्टर वय विचारतो ते नातवंडासाठी नाही. हाडांसाठी, हृदयासाठी, मूत्रपिंडासाठी. तेरापर्यंत छातीची वाढच सुरू झाली नाही तर तेव्हाच दाखवायचं. वाढ झाली पण पंधरापर्यंत पाळी नाही, तर तेव्हा. आणि वाढ सुरू होऊन तीन वर्षं उलटली तरीही. आम्ही नर्सिंगला होतो तेव्हा चौदा आणि सोळा शिकवायचे; मुलींना आता लवकर पाळी येते म्हणून रेघ खाली आणली. हिची वाढ कधी सुरू झाली?

वहिनी : सहावीत. सूनच म्हणाली होती, आता शेमीज पुरत नाही.

वन्सं : म्हणजे चार वर्षं होऊन गेली. मग आता थांबण्यात काय राहिलं?

वहिनी : आम्ही काही हातावर हात ठेवून बसलो नाही. महिनाभर कुमारी आसव दिलं. तीळ-गूळ, अळीव, मेथीचे लाडू झाले. पपई तर रोज. मागल्या महिन्यात मेडिकलवाल्याकडून पाळीच्या गोळ्याही आणल्या, पाच दिवसांच्या. त्यानंही काही झालं नाही.

वन्सं : काय म्हणालात?

वहिनी : काही झालं नाही म्हटलं.

वन्सं : आणि हे मला आज सांगताय! अहो, त्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या. पाळी लांबलेल्या बाईला त्या दिल्या की थांबवल्यावर आठ-दहा दिवसांत अंगावरून जातं. पण कधी? गर्भाशय असेल, आत अस्तर तयार झालेलं असेल आणि बाहेर यायला वाट मोकळी असेल, तेव्हाच. हिला काहीच आलं नाही, म्हणजे या तिन्हींपैकी कुठंतरी गाडं अडलंय. मेडिकलवाल्यानं तुम्हाला फुकटात अर्धी तपासणी करून दिली आणि तिचा निकाल तुम्ही लाडवांच्या डब्याशेजारी ठेवून दिलात.

वहिनी : मला काय ठाऊक! तो म्हणाला, पाच दिवस द्या, येईलच.

वन्सं : त्याला काय जातंय. शिवाय गोळ्या देण्याआधी एक लघवीची तपासणी करतात, ती केली होती का?

वहिनी : कसली?

वन्सं : दिवस गेलेत का याची.

वहिनी : वन्सं!

वन्सं : ओरडू नका. पहिल्या पाळीच्या आधीच बीज सुटलेलं असू शकतं. क्वचित, पण असतं. म्हणून ही तपासणी सगळ्यांचीच करतात. कलेक्टरच्या मुलीची आणि माथाड्याच्या नातीचीही. त्यात संशय नसतो.

वहिनी : तुमच्या इस्पितळात नसेल. आमच्या गल्लीत असतो.

(वहिनींचं हे वाक्य मला वन्संच्या साऱ्या वैद्यकापेक्षा जड वाटतं. तपासणी करणाऱ्याने ती का करतो हे मुलीला आधी, तिच्याशी एकटीशी, दोन वाक्यांत सांगितलं तर निम्मा अपमान टळतो. आपल्याकडे बहुतेकदा फक्त डबी हातात देतात.)

वहिनी : मला एवढंच समजवा, पाळी येत नाही म्हणजे नक्की काय होत नाही?

वन्सं : आपल्या नळाला पाणी कुठून येतं?

वहिनी : मोरबे धरणातून.

वन्सं : धरणातून भोकरपाड्याला, तिथं शुद्ध होऊन जलवाहिनीनं आपल्या टाकीत, टाकीतून नळाला. एखाद्या दिवशी नळ कोरडा राहिला तर तुम्ही काय करता? नळच बदलता का? आधी विचारता, शेजारी आलंय का, टाकी भरलीय का, व्हॉल्व्ह कुणी बंद केलाय का. तसंच हे. मेंदूतून हुकूम निघतो, बीजांडकोष तो ऐकून हॉर्मोन तयार करतो, त्यानं गर्भाशयात अस्तर वाढतं, आणि मग वाट मोकळी असेल तर ते बाहेर येतं. चार ठिकाणं. कुठं अडलंय ते बघायला रक्ताच्या दोन-तीन तपासण्या आणि पोटावरून एक सोनोग्राफी, सुरुवातीला एवढंच.

त्या रक्ततपासणीतलं मुख्य नाव एफएसएच. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी हे रसायन सोडून बीजांडकोषाला जागं करते. बीजांडकोषाने प्रतिसाद दिला नाही तर ती हाका वाढवते, आकडा चढतो. आकडा फार कमी असेल तर वरूनच हाक जात नाही. सोबत थायरॉइडसाठी टीएसएच आणि प्रोलॅक्टिन बघतात, कारण या दोन्हींचं बिघडलेलं गणित पाळी अडवू शकतं आणि गोळ्यांनी बहुधा सुधारतं. वरून हाक न जाण्याची कारणं बरीच आहेत : वजन फार कमी असणं, धावपटूंचा किंवा नर्तकींचा अतिव्यायाम, दीर्घ आजार, क्वचित ग्रंथीतली गाठ. थॅलेसेमियाच्या मुलींना वारंवार रक्त चढवावं लागतं. त्यातलं लोह पिट्युटरीत साचलं तरी असंच होतं. आणि एक कारण ऐकायला विचित्र आहे. डॉक्टर मुलीला डोळे मिटायला सांगून नाकाखाली कॉफीची पूड धरतात. हे कारण म्हणजे कालमन सिंड्रोम : हाक देणाऱ्या पेशी आणि वास ओळखणाऱ्या नसा गर्भात एकाच वाटेने प्रवास करतात, तो प्रवास अर्धवट राहिला तर मुलीला वासही येत नाही आणि पाळीही. 'डाळ करपली तरी हिला कळत नाही' म्हणून बोलणी खाणाऱ्या एखाद्या मुलीचं निदान त्या बोलण्यातच असू शकतं.

वहिनी : हिला वास येतो. सुकट भाजली की दार लावून घेते.

वन्सं : आणि महिन्याला पोट दुखतं का? ठरावीक दिवसांनी, तीन-चार दिवस?

वहिनी : नाही. कधीच नाही.

वन्सं : दुखलं असतं तर मी उलट खूश झाले असते. आमच्या वॉर्डात एक पोर आली होती, चौदाची. रात्री लघवी अडकली म्हणून आणली. घरचे म्हणत होते मुतखडा. आई म्हणाली, तसं दर महिन्याला पोट धरून बसते, परीक्षेचं टेन्शन घेते. सोनोग्राफी केली तर योनिमार्ग रक्तानं तट्ट फुगलेला. पाळी येतच होती, वर्षभर, आतल्या आत. तोंडाशी पडदा पूर्ण बंद, छिद्रच नाही. साचलेल्या रक्तानं लघवीची वाट दाबली होती. टेबलावर घेतलं, छेद दिला, काळपट दाट रक्त निघालं, पोरगी दुसऱ्या दिवशी चालत घरी. पुढच्या महिन्यापासून पाळी घड्याळ लावल्यागत.

वहिनी : छेद म्हणजे... तो पडदा कापला?

वन्सं : कापला.

वहिनी : आणि तिच्या आईनं कापू दिला? लग्नात काय सांगणार?

वन्सं : हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. तिच्या बापानंही विचारलं होतं, 'डॉक्टर, सर्टिफिकेट द्याल का.' मॅडमनी ऑपरेशनचा कागद दिला, तो त्यानं घडी करून पाकिटात ठेवला. पण वहिनी, पडद्यावरून काही कळत नाही. कुणाचा जन्मतःच सैल, कुणाचा नावालाच. हे मी म्हणत नाही. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी त्यासाठी पाठपुरावा केला आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठानं २०१९ साली एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून 'कौमार्याची लक्षणं' हा भागच काढून टाकला. शास्त्राला आधार नाही म्हणून. बलात्कार झालेल्या बाईची दोन बोटांची तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असं २०२२ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं.

वहिनी : कोर्ट काय लग्न जमवायला येत नाही.

वन्सं : नाही येत. पण त्या पोरीनं लग्नासाठी ते रक्त पोटात घेऊन बसायचं का?

वहिनींनी इथे माघार घेतली असं मी लिहिणार नाही. त्या गप्प बसल्या, एवढंच. पडदा हा विषय आपल्याकडे डॉक्टरांच्या टेबलापर्यंत येतो हे मात्र खरं. साधा छेद नाकारून मुलीला वेदनाशामक गोळ्यांवर ठेवणं म्हणजे साचलेलं रक्त मागे नळ्यांमध्ये सरकू देणं. अडथळा पडद्याचा नसून वरच्या जाड पटलाचा असेल तर शस्त्रक्रियाही मोठी असते, ती जाणत्याच हातांनी करायला हवी.

वहिनी : सोनोग्राफीचं म्हणता, ती काय अशीच होते? वाशीला त्या सेंटरात सगळ्या पोटुशा बाया बसलेल्या. त्यांच्यात ही सोळा वर्षांची पोर पाण्याची बाटली घेऊन बसली तर संध्याकाळपर्यंत सिम्प्लेक्समध्ये काय बातमी जाईल?

वन्सं : ते खरंय. नेरूळला या, तिथं तुम्हाला कोण ओळखतं. आणि आतून तपासणी करावी लागत नाही. लघवी भरलेली असली की पोटावरून गर्भाशय दिसतं, बीजांडकोष दिसतात. शिवाय मूत्रपिंडंही बघून घेतील.

वहिनी : मूत्रपिंडांचं काय मधेच?

वन्सं : गर्भात गर्भाशय आणि मूत्रपिंडं शेजारी शेजारी घडतात. एकाचं बिनसलं तर दुसऱ्याचंही बिनसलेलं असू शकतं.

वहिनी : म्हणजे गर्भाशयच नसतं कुणाला?

वन्सं : साडेचार-पाच हजार मुलींत एकीला नसतं.

त्या अवस्थेला चार डॉक्टरांच्या नावांची माळ घालून एमआरकेएच म्हणतात. बीजांडकोष नीट असतात, म्हणून छाती, उंची, केस, आवाज सगळं वेळच्या वेळी. मुलगी कुठूनही वेगळी दिसत नाही आणि पोटही दुखत नाही. फक्त पाळी येत नाही. वन्संच्या मनात पोट न दुखण्याच्या उत्तरापासून हेच नाव होतं, पण सोनोग्राफीआधी नाव उच्चारायचं नाही ही नर्सची शिस्त.

दुसरं मोठं कारण टर्नर सिंड्रोम, दोन ते अडीच हजार मुलींत एक. नेहमीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक नसतं किंवा अर्धवट असतं. अशी मुलगी बहुधा वर्गात पहिल्या रांगेत उभी असते, उंचीमुळे. घरात 'आमच्याकडे सगळे बुटकेच' म्हणतात आणि वर्षं जातात. या एका ठिकाणी उशिराची किंमत सर्वांत जास्त, असं माझं मत आहे. टर्नरमध्ये हृदयाची झडप किंवा महाधमनी सदोष असू शकते, थायरॉइड बिघडतं, मूत्रपिंडं जोडलेली असू शकतात. उंचीचं इंजेक्शन हाडांची टोकं जुळायच्या आतच उपयोगी. इस्ट्रोजेन अकराव्या-बाराव्या वर्षापासून अगदी थोड्या मात्रेत सुरू करून दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढवायचं असतं. एकदम मोठा डोस दिला तर उंची तिथेच थांबते. आणि अजिबात दिलं नाही तर पंचविशीत हाडं साठीच्या बाईची. पाळी आणण्याच्या गोळीने 'पाळी आली' असं समाधान मिळतं, पण त्या मुलीच्या हृदयाची इको कुणी केलेली नसते. खारघरला टाटाच्या केंद्रात लहानपणी कर्करोगाचे उपचार घेतलेल्या मुलींचंही असंच. औषधाने किंवा किरणांनी बीजांडकोष दमलेला असू शकतो. बऱ्या झालेल्या मुलीची पाळी हा पुढच्या तपासणीतला नेहमीचा प्रश्न असायला हवा.

वन्सं : एफएसएच जास्त आलं किंवा गर्भाशय दिसलं नाही, तर गुणसूत्रांची तपासणी सांगतील. रक्तच देतात, पण निकालाला दोन-तीन आठवडे.

वहिनी : त्यात काय कळतं?

वन्सं : कधी कधी एक्स-वाय निघतं.

वहिनी : म्हणजे?

वन्सं : म्हणजे गुणसूत्रं मुलग्याची, अंग मुलीचं. शरीर पुरुषी हॉर्मोन ओळखतच नाही, त्यामुळं सगळी वाढ बाईची होते. पोटात बीजांडकोषाऐवजी वृषणं असतात. फार विरळा. पण वाढीनंतर त्यात कॅन्सरचा धोका असतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं, कधी काढावी लागतात.

वहिनी : हे तुम्ही पोरीला सांगणार?

वन्सं : डॉक्टर सांगतील. हळूहळू, तिला समजेल तसं. पण सांगतील.

वहिनी : नाही. माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही. तुम्ही मला सांगा, सुनेला सांगा. पोरीला फक्त म्हणा, गोळी घे. तिचं जग काय? दहावी, मैत्रिणी, मोबाइल. त्यात हे टाकायचं?

वन्सं : ती अठराची झाल्यावर एकटी सोनोग्राफीला जाईल तेव्हा कुणीतरी अनोळखी डॉक्टर सांगेल. किंवा ती गोळ्यांचं नाव मोबाइलवर टाकेल. तेव्हा तिला दोन गोष्टी कळतील : तिला काय झालंय, आणि घरात सगळ्यांना माहीत होतं.

लपवणं ही फक्त आजीची खोड नाही. कित्येक दशकं डॉक्टरही अशा मुलींना 'बीजांडकोषात गाठ होती, काढली' एवढंच सांगत आले. पुस्तकांत तोच सल्ला असायचा. मारिया होसे मार्तिनेस पातिन्यो ही स्पेनची अडथळा शर्यतीची धावपटू. १९८५ साली जपानमध्ये कोबेच्या विद्यापीठ स्पर्धेत तपासणीत तिचं एक्स-वाय निघालं. आधी तिला स्वतःला काही ठाऊक नव्हतं. दुखापतीचं निमित्त करून मुकाट बाजूला व्हायला सांगितलं गेलं. पुढे तिने ऐकलं नाही, तेव्हा बातमी फुटली, पदकं गेली, शिष्यवृत्ती गेली. तीन वर्षं भांडून १९८८ साली तिने स्पर्धेचा हक्क परत मिळवला. तिला लाज वाटावी असं त्या कागदात काही नव्हतं; तो कागद तिच्यापेक्षा आधी इतरांनी वाचला, हा घोटाळा होता. या मुद्द्यावर मी वन्संच्या बाजूचा आहे, पण अटीसह. सांगणारा माणूस घाईत असता कामा नये, आणि सांगून झाल्यावर मुलीला फोन करता येईल असं कुणी तरी हवं. आपल्या ओपीडीत ही दोन्ही माणसं शोधावी लागतात.

वहिनी : आणि गर्भाशय नाही असं निघालं तर? मग लग्न, मूल, सगळं संपलंच की.

वन्सं : सोलापूरची एक मुलगी होती, एकवीस वर्षांची. जन्मतःच गर्भाशय नव्हतं. २०१७ च्या मे महिन्यात पुण्याला गॅलक्सी केअरमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकरांनी तिच्यात गर्भाशय बसवलं. भारतातलं पहिलं. कुणाचं बसवलं, ठाऊक आहे?

वहिनी : मेलेल्या बाईचं?

वन्सं : तिच्या आईचं.

वहिनी : ज्यात ती स्वतः वाढली?

वन्सं : तेच.

वहिनी : ...मग मी देते ना. माझं काय काम आहे आता त्याचं.

वन्सं : पासष्टाव्या वर्षी? थांबा. मी हे आशा लावायला सांगत नाही. दोघींची मोठी ऑपरेशनं, नंतर शरीरानं ते झिडकारू नये म्हणून भारी औषधं, मूल झाल्यावर बहुधा ते काढूनच टाकायचं. त्याच टीमनं दुसऱ्या दिवशी गुजरातच्या एका बाईत बसवलं, तिला २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली. होतं, पण थोड्यांचं. बहुतेकींना त्याची गरज नसते. बीजांडकोष चांगले असले की स्वतःचं बीज असतं, दुसऱ्या बाईच्या पोटात मूल वाढवता येतं. २०२१ चा सरोगसी कायदा गर्भाशय नसलेल्या बाईला ती परवानगी देतो. याच आजाराच्या एका बाईनं सुप्रीम कोर्टात जाऊन परक्या बीजाची परवानगी मिळवली, आणि २०२४ मध्ये सरकारला नियम बदलावा लागला. पण हे सगळं पुढचं. लग्नाआधी योनिमार्ग तयार करायचा प्रश्न असतो, तोही बहुतेकींत ऑपरेशनशिवाय, छोट्या छोट्या नळ्यांनी रोज थोडा व्यायाम करून होतो. पण तेही मुलीच्या मनानं, तिला वाटेल तेव्हा. लग्न ठरलंय म्हणून घाईनं नाही.

वहिनी : आणि मुलाकडच्यांना सांगायचं?

वन्सं : मुलाला सांगायचं. लपवून लग्न लावलं तर हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमाखाली तोच फसवणुकीचा दावा लावू शकतो, आणि मग सगळी गोष्ट कोर्टाच्या कागदावर.

वहिनी : सांगितलं तर लग्नच होणार नाही.

वन्सं : काहींचं नाही होत. खोटं नाही सांगत.

वन्संचा हा कबुलीजबाब मला आवडला. डॉक्टरी लेखांत या जागी एक गोड वाक्य असतं. वस्तुस्थिती अशी, की बिनपाळीच्या मुलीला नकार मिळतात, आणि तिला उभं राहायला शिक्षण आणि नोकरी हेच लागतं. वहिनींनी ते ऐकून विचारलं, "हिचे गणिताचे मार्क किती?" सून म्हणाली, "सत्त्याऐंशी." तेवढ्यावर थोडा वेळ दुसरंच बोलणं झालं.

सून बोलली, म्हणून तिचंही लिहितो. शाळेत आरोग्य पथकाच्या बाई आल्या होत्या, म्हणाली. ही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं. त्या योजनेची सुरुवात २०१३ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरलाच झाली, आणि अठरापर्यंतच्या मुलामुलींच्या त्यांच्या यादीत पाळी लांबल्याचा प्रश्नही आहे. वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, 'कुणाला अजून आलेली नाही?' हिने हात वर केला नाही. घरी येऊन आईला सांगितलं आणि विचारलं, "मला काही झालंय का?" आई म्हणाली, "नाही गं."

वन्सं : बघा वहिनी. विहिरीवर तुम्हाला विचारलं, हिला वर्गात. तुम्ही म्हणता तेही खरंच, असं विचारायचं नसतं. पण पोर स्वतःहून विचारतेय, मग तिला एकटीला बसवून उत्तर शोधायला नको का?

वहिनी : फाइल माझ्या कपाटात राहील.

वन्सं : तिच्या कपाटात राहील.

वहिनी : तिला कुठंय कपाट? एका खोलीत पाच माणसं.

वन्सं : मग माझ्याकडे ठेवू. ती मागेल तेव्हा मिळेल, तुम्ही मागाल तेव्हा नाही.

वहिनी : डॉक्टर बाईच हवी.

वन्सं : बाईच आहे. आणि तपासताना आत कोण थांबायचं ते पोर ठरवेल.

वहिनी : मी थांबणार.

वन्सं : ती ठरवेल म्हटलं ना.

वहिनी : बरं. शनिवारी हिला अर्धी शाळा, दुपारी येऊ. पण वन्सं, तुम्ही म्हणता लघवी भरलेली हवी. घणसोलीपासून नेरूळपर्यंत उभ्यानं लोकलमध्ये ती तशी कशी येईल?

वन्सं : घरून पाणी पिऊन नाही यायचं. तिथं पोचल्यावर लिटरभर प्यायचं आणि तासभर बसायचं. रक्त मात्र सकाळचं दिलेलं बरं, त्यामुळं शाळा बुडेल.

वहिनी : शाळा नाही बुडवायची. सराव परीक्षा चालू आहे.

वन्सं : मग रविवारी सकाळी लॅब उघडी असते का, ते विचारते.